पेटींत राहिलेली किल्ली

गेल्या पावसाळ्यांत वाशीच्या खाडीकडील दमट हवेनें आमचा जुना संगणक निकामी झाला, म्हणून त्यांतली डिस्क आम्हीं दुसऱ्या यंत्रांत बसविली. यंत्र सुरू झालें. परंतु मूळ फाइल-सिस्टिम सांपडत नाहीं, एवढें सांगून थांबलें. दुरुस्तीस आलेले गृहस्थ म्हणाले, "सर, डिस्क पुसून सगळें नव्यानें घालूं." त्या डिस्कवर आमचीं वीस वर्षांचीं टिपणें होतीं, आणि दुसरी प्रत काढून ठेवण्याचा उपदेश आम्ही केवळ विद्यार्थ्यांस करीत आलों!

येथें थोडा इतिहास पाहिला पाहिजे. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेंतच 'माउंट' ही आज्ञा आढळते. त्या काळीं डिस्क खरोखरच हातानें यंत्रावर चढवीत. मग आज्ञा देऊन तिच्यावरील फायलींचा वृक्ष मूळ वृक्षाच्या एखाद्या फांदीस जोडीत. फांद्या अशा जोडतां येतात. पण पहिलें मूळ कोणीं रोवावयाचें? १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं लिनक्स प्रसिद्ध केलें, तेव्हां हा प्रश्न बिकट नव्हता. तें कर्नेल त्यांच्या ३८६ जातीच्या यंत्राकरितां लिहिलेलें असून तेथील डिस्क वाचण्याचें ज्ञान त्याच्या पोटांतच होतें. पुढें डिस्का नाना जातींच्या झाल्या. प्रत्येकीचा ड्रायव्हर कर्नेलमध्यें कोंबावा, तर तें फुगतें. डिस्कवर निराळा ठेवावा, तर डिस्क वाचल्यावांचून तो हातीं येत नाहीं. पेटीची किल्ली पेटींतच!

१९९६ च्या सुमारास वेर्नर आल्मेसबर्गर व हान्स लेर्मेन ह्यांनीं ह्यावर 'इनिटआरडी'ची युक्ति योजिली. यंत्राच्या अंगच्या बायॉसला डिस्कचा आरंभापुरता परिचय असतोच. त्याच्या साहाय्यानें बूटलोडर कर्नेलबरोबर एक चिमुकली फाइल-सिस्टिमही स्मृतींत उतरवितो. तिच्यांत जरूर ते ड्रायव्हर असतात. त्यांच्या योगें खरी डिस्क माउंट झाली, कीं हें तात्पुरतें बिऱ्हाड मोडतें. डिसेंबर २००३ मध्यें आलेल्या २.६ मालिकेंत हिचें सुटसुटीत रूप, 'इनिट्रॅमएफएस', रूढ झालें. स्मृतींतील डिस्केचें सोंग गेलें आणि फायलींचें एक गांठोडें तेवढें उरलें.

आमचा घोटाळा ह्या गांठोड्यांतच होता. आमच्या फेडोरामध्यें तें बांधणारा 'ड्रॅकट' काटकसरी. समोरच्या यंत्रास लागतील तेवढेच ड्रायव्हर तो घेतो. जुन्या घराची शिदोरी नव्या घरीं पुरली नाहीं, इतकेंच. डिस्कला कांहींएक झालें नव्हतें. सुदैवानें बूटच्या यादींत सर्व ड्रायव्हरांसह ठेवलेली 'रेस्क्यू' नांवाची नोंद होती. ती निवडतांच यंत्र उठलें. मग ड्रॅकटकडून नवें गांठोडें बांधून घेतलें व टिपणें उघडून पाहिलीं. दुरुस्तीचे गृहस्थ तोंवर चहा घेऊन गेले होते.