खरखर: सरकणाऱ्या बोटाची गोष्ट

[आवाज: जुन्या रेडिओचं बटण फिरवल्याची खरखर]

हेडफोन लावले असतील तर सॉरी, कान दुखले असतील. पण हा आवाज तुम्हाला ऐकवायचाच होता. खर्रर्र… मग आवाज गायब… मग एकदम मोठ्यानं. आमच्या आजोबांचा ट्रान्झिस्टर आहे हा. लहानपणी वाटायचं, स्टेशनच खराब आहे. आकाशवाणी नागपूर १६ जुलै १९४८ पासून आपलं काम इमानेइतबारे करतंय, खराब होतं ते आमच्या घरातलं बटण.

आज या बटणाच्या आतल्या वस्तूबद्दल बोलायचंय. इतक्या बारीक वस्तूवर अख्खा एपिसोड कशाला? कारण मागच्या पावसाळ्यात याच वस्तूनं मला वर्धा रोडवर जवळजवळ ट्रकखाली घातलं होतं.

झालं असं. बुटीबोरीहून रात्री परत येत होते. स्कूटर पंचेचाळीस-पन्नासच्या स्पीडला. मध्येच गाडीनं हिसका दिला, जणू कोणी मागून कॅरियर धरला. ॲक्सिलरेटर तसाच पिळलेला आणि इंजिन मात्र सुस्त. पुन्हा उचल, पुन्हा हिसका. मागून हॉर्न, आरशात दोन मोठे दिवे. कशीबशी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसती उभी राहिले. हात थरथरत होते. गंमत म्हणजे हळू चालवली तर गाडी ठणठणीत, जोरात पिळली तरी ठणठणीत. फक्त मधल्या एका जागी तिला झटका यायचा.

दुसऱ्या दिवशी बर्डीतल्या एका काकांकडे गेले. हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आता गाड्यांची वायरिंग आणि सेन्सर बघतात. त्यांनी गाडी सुरूही केली नाही. विचारलं, "पोरी, रोज एकाच रस्त्यानं, एकाच स्पीडवर चालवून राह्यली न तू?" मी हो म्हटलं. मग त्यांनी थ्रॉटलवरचा छोटा काळा सेन्सर काढला, काट्याचं जुनं मीटर लावलं आणि सेन्सर हळूहळू फिरवला. काटा सावकाश वर चढत गेला, चढत गेला, आणि एका जागी धप्पकन खाली पडून परत उभा राहिला. "हे बघ तुझं पन्नासचं स्पीड," काका म्हणाले. "तुमच्या आजोबाच्या रेडिओला जे झालं न, तेच याले झालं."

आता ही वस्तू आहे तरी काय? व्हेरिएबल रेझिस्टर. दुकानात 'पॉट' किंवा 'व्हॉल्यूम कंट्रोल' म्हणून मिळतो. आत कार्बनची एक पट्टी असते, घोड्याच्या नालेसारखी. तिच्या दोन टोकांना दोन पाय. तिसरा पाय एका धातूच्या बोटाला जोडलेला, आणि हे बोट पट्टीवरून सरकतं. त्याला वायपर म्हणतात. बोट जिथे टेकतं तिथलं व्होल्टेज बाहेर येतं. रेडिओत त्यावरून आवाज ठरतो. माझ्या गाडीत त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की या बाईला किती पेट्रोल पाहिजे. बोट क्षणभर पट्टीवरून उचललं गेलं, तर कॉम्प्युटरला वाटतं की हिनं ॲक्सिलरेटर सोडला. माझा हिसका म्हणजे तेवढा एक क्षण.

या बोटाचा इतिहास सुरू होतो तो एकदम शांत खोलीत. १८४१ मध्ये जर्मनीत पोगेनडॉर्फनं व्होल्टेज मोजायला पोटेन्शियोमीटरची रीत बसवली. १८४३ मध्ये लंडनला चार्ल्स व्हीटस्टननं रोधक कमीजास्त करायचं उपकरण दाखवलं आणि त्याला 'रिओस्टॅट' हे नाव दिलं. जाड लाकडी टेबल, पितळी स्क्रू, समोर शांत बसलेला माणूस. हादरा द्यायला तिथे कोणी नव्हतंच. त्यामुळे कंपनाचा प्रश्न त्यांना पडलाही नाही.

उलट तीसेक वर्षांनी एकाला या सैल टेकण्याचाच फायदा दिसला. १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूज या माणसानं दोन खिळ्यांवर तिसरा खिळा नुसता आडवा ठेवला, त्यातून वीज सोडली आणि जवळ बोलून बघितलं. आवाजानं खिळे थरथरले, टेकण कमीजास्त झाली, वीजही तशीच कमीजास्त झाली आणि दुसऱ्या टोकाला ते बोलणं ऐकू आलं! सैल टेकण आणि कंपन, म्हणजे जो माझ्या गाडीचा आजार, तोच त्याचा मायक्रोफोन. पुढे कितीतरी वर्षं लँडलाइनच्या फोनमध्ये कार्बनचे दाणे याच तत्त्वावर काम करत होते. ते दाणे एकमेकांना चिकटले की आवाज बसायचा. म्हणून आपले काका-आत्या रिसीव्हर तळहातावर आपटून मग 'हॅलो' म्हणायचे. मला वाटायचं ते चिडलेत!

खरी परीक्षा झाली ती हे बोट गाडीत चढल्यावर. आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण मुंबईचं. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेवरची ट्राम धावू लागली, त्याआधी ट्राम घोडे ओढायचे. त्या काळच्या विजेच्या ट्राममध्ये चालवणाऱ्यापुढे एक उभा डबा असायचा आणि त्यावर फिरवायचं हँडल. डब्यात एक उभा रूळ, रुळावर तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांच्यावर टेकलेली धातूची बोटं. हँडल फिरवलं की रूळ फिरतो, बोटं एका पट्टीवरून दुसरीवर सरकतात, मोटरच्या वाटेतले रोधक एकेक करून निघतात आणि ट्राम वेग घेते. म्हणजे तो आजोबांच्या व्हॉल्यूम कंट्रोलचाच पैलवान भाऊ. फरक एवढाच की इथे रुळाच्या प्रत्येक सांध्यावर अख्खी गाडी दणकते, आणि बोट जरा उचललं की नुसती खरखर होत नाही, सरळ ठिणगी पडते आणि तांबं जळतं.

मग त्या लोकांनी काय केलं? प्रत्येक बोटाला स्वतःची स्प्रिंग दिली, आणि तिचा ताण स्क्रूनं कमीजास्त करता येईल असं केलं. बोटाचं टोक वेगळं ठेवलं, जळलं की तेवढंच बदलायचं. वर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात. जाड लावलं तर धूळ धरतं, नाही लावलं तर तांबं खरवडतं. शिवाय चालवणाऱ्याला ताकीद, की मधल्या रोधकाच्या खाचांवर रेंगाळायचं नाही, नाहीतर रोधक तापतात. ३१ मार्च १९६४ ला मुंबईतली शेवटची ट्राम धावली. पण स्प्रिंग, वंगण आणि बदलता येणारं टोक हे तिन्ही उपाय आजही तुमच्या आसपासच्या यंत्रांत आहेत.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. नागपूरकरांनो, सरसावून बसा, कारण पुढची गोष्ट संत्र्याच्या सख्ख्या भावापासून सुरू होते.

१९३४ साल, कॅलिफोर्निया. तिथल्या लिंबू-संत्री बागाईतदारांच्या सहकारी संस्थेतल्या एका केमिस्टला लिंबाच्या रसाची आंबटाई मोजायची होती. रसात सल्फर डायऑक्साइड घातलेला, त्यानं लिटमस कागदाचा रंगच उडून जायचा. तो गेला आपल्या जुन्या वर्गमित्राकडे, आर्नोल्ड बेकमनकडे. बेकमननं विजेवर आंबटाई मोजणारं यंत्र करून दिलं. आज आपण ज्याला पीएच मीटर म्हणतो, ते हे. पुढे या यंत्रासाठी त्याला फार बारीक जुळवणी करता येईल असा पॉट हवा होता. साधा पॉट एका फेऱ्यातही पुरा फिरत नाही. बेकमननं रोधकाची तार स्प्रिंगसारखी वेटोळी करून दहा फेऱ्यांचा पॉट केला. नाव ठेवलं हेलिपॉट.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. रडारवाल्यांना असाच अचूक पॉट पाहिजे होता. पण रडार काही प्रयोगशाळेत बसत नाही, ते जहाजावर आणि विमानात बसतं. मूळ हेलिपॉट टेबलावर उत्तम चालायचा, पण तिथले धक्के आणि थरथर त्याला झेपेना. बेकमननं आतली रचना नव्यानं आखली, बोट धक्क्यातही तारेवरून हलणार नाही अशी. हा नवा हेलिपॉट एवढा खपला की विचारू नका. पुढे याच बेकमनच्या कंपनीनं विल्यम शॉकलीच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेला पैसा पुरवला आणि तिथूनच सिलिकॉन व्हॅलीची सुरुवात सांगतात. लिंबाचा रस, त्यातून पॉट, पॉटमधून पैसा आणि शेवटी तुमच्या हातातला फोन. हे सगळं सरळ रेषेत घडलं असं मी म्हणत नाही हं, पण धागा आहे.

परत आपल्या आजाराकडे येऊ. काकांशी बोलताना कळलं की कंपनानं बोटाचं नुकसान दोन तऱ्हांनी होतं, आणि मी इतके दिवस एकच समजत होते.

पहिली तऱ्हा उडीची. प्रत्येक पातळ पट्टीला थरथरण्याचा तिचा स्वतःचा एक वेग असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचा एखादा पत्रा पंख्याच्या एका ठरावीक स्पीडलाच खडखडतो, बाकी स्पीडला गप्प, तसं. इंजिनची थरथर नेमकी बोटाच्या त्या वेगाशी जुळली की बोट पट्टीवर नाचायला लागतं. मग स्प्रिंग घट्ट करायची का? करा, पण मग बोट पट्टीला खरवडून काढतं. म्हणून चांगल्या पॉटमध्ये एका जाड बोटाऐवजी अनेक बारीक बोटं असतात, कंगव्यासारखी, आणि मुद्दाम थोड्या वेगवेगळ्या लांबीची. प्रत्येकाचा थरथरण्याचा वेग वेगळा, त्यामुळे सगळी एकदम उडत नाहीत. एक उडालं तरी बाकीची टेकलेली असतात. काही ठिकाणी बोटावर रबरासारखा मऊ थेंब लावतात, तो थरथर पिऊन टाकतो.

दुसरी तऱ्हा मला जास्त भीतीदायक वाटते, कारण ती दिसतच नाही. बोट सरकतच नाही, एकाच जागी उभं असतं, फक्त केसाच्या जाडीहूनही कमी अंतरात मागेपुढे घासत राहतं. लाखो वेळा. त्यातून बारीक भुकटी तयार होते, ती गंजते, आणि बोट आणि पट्टी यांच्यामध्ये वीज न जाऊ देणारा थर बसतो. बोट पूर्ण सरकलं असतं तर भुकटी झाडली गेली असती. १९३० च्या दशकात अमेरिकेत नव्या कोऱ्या मोटारी रेल्वेनं पाठवायचे, तर चाकं एकदाही न फिरता त्यांच्या बेअरिंगवर खाचा पडलेल्या सापडायच्या. तीच जात. उभं राहूनही झिजता येतं.

माझ्या गाडीत हेच झालं होतं. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते, दर काही फुटांवर एक सांधा, आणि मी रोज सांध्यांवरून टप-टप-टप त्याच स्पीडनं जाणार. बोट त्याच मिलिमीटरवर उभं.

यावर उपाय म्हणून बोटाच्या टोकाला न गंजणारे धातू वापरतात, सोनं किंवा पॅलेडियमचे मिश्रधातू. पट्टी कार्बनऐवजी वीजवाहक प्लास्टिकची करतात. वर खास वंगण. आणि एक साधा उपाय, ज्याकडे कोणी बघत नाही: वायर बांधणे. सेन्सरची वायर लोंबकळत असेल तर ती हिंदकळून सॉकेटमधल्या पिना घासते आणि तोच आजार पॉटच्या दाराशी येतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात. कधी ट्रॅक्टर जवळून बघितला तर वायरिंग किती ठिकाणी आवळून बांधलेलं असतं ते बघा. मी आधी याला नीटनेटकेपणा समजायचे.

मोटारींमध्ये, जिथे पेडलपासून इंजिनपर्यंत तारच नसते, तिथे एकाच बोटावर भरवसा ठेवतच नाहीत. दोन वेगळे सेन्सर, दोघांचं व्होल्टेज वेगळं, आणि कॉम्प्युटर सतत दोघांचा मेळ घालतो. जुळलं नाही की दिवा लावतो आणि गाडी सावकाश चालू देतो, पण जोर देत नाही. आणि आता तर बऱ्याच गाड्यांत बोटच काढून टाकलंय. चुंबक फिरतो आणि समोरची चिप त्याचं क्षेत्र ओळखते, स्पर्शच नाही. हा परिणाम एडविन हॉलनं शोधला १८७९ मध्ये, ह्यूजच्या खिळ्यांनंतर एका वर्षानं. पण गाडीच्या थ्रॉटलपर्यंत पोचायला त्याला शंभराहून जास्त वर्षं लागली, कारण पॉट स्वस्त होता आणि बहुतेक वेळा चालायचा. या 'बहुतेक वेळा'वर माझा आता राग आहे. चहाचा गाळणा बहुतेक वेळा चालला तर चालतं, वर्धा रोडवर रात्री अकराला नाही.

काकांनी नवीन सेन्सर बसवला, वायर दोन जागी आवळली, सॉकेटमध्ये ग्रीस भरलं. जुना सेन्सर मी मागून घेतला. उघडून बघितला तर काळ्या पट्टीवर एका जागी पांढरट ओरखडा होता, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. माझ्या रोजच्या येण्याजाण्याचा नकाशा म्हणा ना.

जाताना रेडिओबद्दल विचारलं. काका म्हणाले, "काही करू नको, बंद करून बटण आधी वीस डाव पुरं फिरव." घरी येऊन फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीस वेळा. मग लावला.

[आवाज: रेडिओ सुरू होतो, बटण फिरतं, खरखर नाही]

तुमच्या घरात असं खरखरणारं काही असेल, तर त्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवते.