रुलेटचे शून्य आणि दोस्तोव्हस्कीची 'पद्धत'

दोस्तोव्हस्कीच्या आयुष्यातील जुगाराचे प्रकरण आपल्याकडे बहुधा व्यसनकथा म्हणून वाचले जाते. डोक्यावर कर्ज, प्रकाशकाने घातलेली मुदत, आणि त्या घाईत १८६६ च्या ऑक्टोबरमध्ये २६ दिवसांत लघुलेखिकेला सांगून लिहविलेली 'जुगारी' ही कादंबरी. हे सारे खरेच आहे. मात्र या वाचनात एक गोष्ट मागे पडते, असे आम्हांस वाटते. दोस्तोव्हस्की रुलेटच्या टेबलाशी बसत असे तो आपल्याला जिंकण्याची पद्धत सापडली आहे, या खात्रीने. ही पद्धत काय होती आणि ती का फसणारच होती, हे कळल्याशिवाय त्या कादंबरीतील काही जागा नीट उलगडत नाहीत.

१८६३ च्या उन्हाळ्यात वीसबाडेन येथे त्याने १०,४०० फ्रँक जिंकले. त्यानंतरच्या पत्रांतून तो नातलगांना कळवतो की, जिंकण्याचे रहस्य अगदी साधे, किंबहुना बावळटपणाचे वाटावे इतके सोपे आहे: खेळ कोणत्याही वळणावर असो, मनावरचा ताबा सुटू द्यायचा नाही. याच पत्रव्यवहारात पुढची हकीकतही येते. जिंकलेले पैसे त्याने खोलीवर नेऊन पिशवीत बंद केले, दुसऱ्या दिवशी गाव सोडायचे ठरवले, आणि मग परत जाऊन त्यांतले निम्मे घालवले. पण या घटनेने पद्धतीवरचा त्याचा विश्वास डळमळला नाही, उलट पक्का झाला. हरलो ते ताबा सुटला म्हणून. म्हणजे पद्धत बरोबरच होती! प्रत्येक पराभव ज्या सिद्धान्ताचा पुरावा ठरतो, त्याला खोटे कोण पाडणार? नळाला ऋतुपर्णाकडून मिळालेले अक्षहृदय ज्यांनी वाचले आहे, त्यांना या विश्वासाचे फारसे नवल वाटू नये.

आता चाकाकडे वळू. पॅरिसमध्ये जुगारगृहे चालत होती तेव्हा रुलेटच्या चाकावर १ ते ३६ या आकड्यांखेरीज दोन शून्ये असत. १८३७ च्या अखेरीस फ्रान्समध्ये जुगारगृहांवर बंदी आली आणि धंदा ऱ्हाइनपलीकडच्या जर्मन आरोग्यस्थानांकडे सरकला. होम्बुर्ग येथे फ्रांस्वा आणि लुई ब्लाँ या जुळ्या भावांनी एक शून्य काढून टाकले. गिऱ्हाइकाला ही मोठीच सवलत वाटली, आणि ती होतीही. पण उरलेले एक शून्य पुरेसे होते. चाकावर घरे ३७. एका आकड्यावर लावलेला डाव लागला तर मिळतात ३५ पट. हिशेब चोख ठेवायचा तर ३६ पट मिळायला हव्यात. या एका पटीच्या फरकातून लावलेल्या प्रत्येक शंभर फ्रँकमागे सरासरी २ फ्रँक ७० सांतीम जुगारगृहाकडे जातात. त्यात फसवणूक नाही, कपट नाही. सारे नियमांत उघड लिहिलेले आहे.

पद्धतवाल्यांचे म्हणणे असे की, डाव कधी आणि किती लावायचा हे शहाणपणाने ठरवले की हा तोटा टळतो. सर्वांत जुनी पद्धत दुपटीची. लालवर एक नाणे लावा. हरलात तर दोन, मग चार, मग आठ. लाल कधीतरी येणारच, आणि आले की मागचे सगळे भरून निघून वर एक नाणे सुटते. समजा, खिशात लागोपाठ दहा पराभव सोसण्याइतके पैसे आहेत, म्हणजे १,०२३ नाणी. लागोपाठ दहा वेळा लाल न येणे ही गोष्ट साधारण ७८४ प्रयत्नांत एकदा घडते. म्हणजे ७८३ वेळा एकेक नाणे मिळाले आणि एकदा १,०२३ गेली. पदरात २४० नाण्यांचा खड्डा. खिसा मोठा केला तर खड्डा उशिरा येतो आणि आणखी मोठा होऊन येतो. शिवाय एका वेळी किती लावता येईल यावर टेबलाची मर्यादा असतेच. कोणतीही पद्धत घेतली तरी अखेर ती अनेक डावांची बेरीज असते. यातला प्रत्येक डाव तोट्याचा असेल तर त्यांचा क्रम बदलून बेरीज फायद्याची कशी होणार? दोस्तोव्हस्कीच्या संयमाचेही तेच. संयमाने हाती आलेले राखता येते. ते हाती येते की नाही, हे मात्र संयम ठरवत नाही.

गंमत अशी की कादंबरीकार दोस्तोव्हस्कीला हे दिसले होते. 'जुगारी'तील रुलेटेनबुर्गच्या दालनात रेघा आखलेले कागद घेऊन आकडे टिपत बसणारी माणसे आहेत. अलेक्सेई नोंदवतो की हिशेब करून तीही बिनहिशेबी खेळणाऱ्यांसारखीच हरतात. हाच अलेक्सेई आजीबाईंना मात्र बजावतो की शून्य नुकतेच येऊन गेले, आता ते लवकर यायचे नाही. आजीबाई ऐकत नाहीत, शून्यावरच लावत राहतात आणि जिंकतात. जुगारगृहाचा नफा ज्या घरात बसलेला, त्याच घराने आधी भुलवावे आणि पुढे त्याच आजीबाईंनी प्रचंड रक्कम घालवावी, ही योजना आम्हांस कादंबरीतील सर्वांत मार्मिक वाटते. मागे काय आले याच्याशी चाकाला काहीच कर्तव्य नसते. हे अलेक्सेईला समजत नाही. त्याच्या निर्मात्याने मात्र ते प्रसंगातून दाखवले आहे.

आणि तरीही, कादंबरी लिहून वर्षही झाले नव्हते तोच, १८६७ च्या मे महिन्यात तो होम्बुर्गहून पत्नी आनाला लिहितो की माणूस संगमरवरासारखा थंड राहिला तर हवे तितके जिंकू शकतो, याबद्दल शंकाच नाही. चार दिवसांसाठी गेलेला गृहस्थ तिथे दहा दिवस राहिला. त्या उन्हाळ्यात बाडेन-बाडेनला लग्नाच्या अंगठ्यासुद्धा गहाण पडल्या. आना तेव्हा गरोदर होती. लिहिताना लाभलेली दृष्टी टेबलाशी कामास आली नाही. चरित्रावरून कादंबरी आणि कादंबरीवरून चरित्र वाचण्याची जी सवय आपल्या वर्गांतून लावली जाते, तिला हे उदाहरण थोडे अडचणीचेच आहे.

या घरात रुलेटचा हिशेब कोणाला कळला असेल तर तो आनाला. तिच्या आठवणींत १८७१ च्या एप्रिलमधील एक प्रसंग आहे. ड्रेस्डेनला पतीचे लेखन अडले होते. तिने जवळच्या ३०० टेलरांपैकी १०० गेलेच असे धरले आणि नशीब आजमावून या, असे आपणहून सुचवले. जिंकण्याची आशा तिने ठेवलीच नव्हती. हरून आल्यावर ते कामाला लागतात, हा तिचा अनुभव होता. वीसबाडेनला ते १०० गेले. परतीच्या भाड्यासाठी तिने ३० पाठवले, तेही गेले. २८ एप्रिलच्या पत्रात त्याने आणखी ३० मागितले आणि आपण आता या खेळातून सुटलो, असे लिहिले. अशी वचने त्याने पूर्वीही दिली होती; हे तेवढे पाळले गेले. जुलैमध्ये दोघे पीटर्सबर्गला परतले. १८७२ च्या अखेरीस जर्मनीतील जुगारगृहे कायद्याने बंद झाली. फ्रांस्वा ब्लाँने तोवर माँटे कार्लोला बस्तान बसवले होते. चाकावर शून्य तिथेही एकच होते.