कपाटात राहिलेले कागद

मंडळी, ह्या वीकेंडचा विषय जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. शाळा आणि तिथं होणारी हिंसा.

अशी बातमी आली की आपल्या सगळ्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. गेटवर वॉचमन होता का? कॅमेरे चालू होते का? पोलीस किती वेळात आले? प्रश्न बरोबरच आहेत, पण ते सगळे घटनेच्या दिवसाबद्दलचे आहेत. आपल्या धंद्यात रात्री सर्व्हर झोपला की दुसऱ्या दिवशी आपण लॉग उघडून बसतो आणि मागे मागे जातो. बहुतेक वेळा काय सापडतं? तीन आठवड्यांपूर्वी अलर्ट आलेला असतो. कुणीतरी टिकेटही टाकलेलं असतं. आणि कुणीतरी ते 'नंतर बघू' म्हणून बंद केलेलं असतं.

शाळांमधल्या काही गाजलेल्या हत्याकांडांचे चौकशी अहवाल वाचताना नेमकं हेच दिसतं. तर आज अशा काही कागदांची गोष्ट, जे योग्य वेळी लिहिले गेले आणि चुकीच्या टेबलावर थांबले.

पहिला कागद : स्कॉटलंड, १९९१

डनब्लेन हे स्कॉटलंडमधलं एक छोटं गाव. १३ मार्च १९९६ ला सकाळी साडेनऊच्या सुमारास थॉमस हॅमिल्टन नावाचा ४३ वर्षांचा माणूस चार पिस्तुलं-रिव्हॉल्वर्स आणि सातशेहून अधिक गोळ्या घेऊन तिथल्या प्राथमिक शाळेच्या जिममध्ये शिरला. आत पाच-सहा वर्षांची मुलं होती. तीन-चार मिनिटांत त्यानं १६ मुलं आणि त्यांच्या बाई ग्वेन मेयर ह्यांना ठार केलं आणि मग स्वतःला गोळी घातली. पुढे विंबल्डन जिंकलेला अँडी मरे त्या दिवशी ह्याच शाळेत होता, तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

आता लॉग मागे नेऊ. हॅमिल्टन मुलांचे क्लब चालवायचा, कॅम्प न्यायचा. त्याच्या वागण्यावरून स्काउट संघटनेनं त्याला १९७४ सालीच काढून टाकलं होतं. १९९१ च्या उन्हाळ्यात लॉख लोमंड सरोवराच्या काठी त्यानं नेलेल्या कॅम्पबद्दल पालकांच्या तक्रारी आल्या. तपास केलेल्या पोल ह्यूज ह्या पोलीस अधिकाऱ्यानं नोव्हेंबर १९९१ मध्ये वर अहवाल पाठवला. ह्या माणसाचा स्वभाव अस्थिर आहे, मुलांच्या बाबतीत तो धोकादायक आहे, त्याचा बंदुकीचा परवाना रद्द करायचा विचार व्हावा, असा त्याचा आशय होता.

कागद उपमुख्य अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला. त्यावर शेरा पडला : कारवाई नको. कारण काय, तर खटला भरला गेला नव्हता, म्हणजे कोर्टात टिकेल असा आधार नाही. परवान्याचं १९९२ मध्ये नूतनीकरण झालं आणि १९९५ मध्ये पुन्हा झालं. हत्याकांडात वापरलेली सगळी हत्यारं कायदेशीर होती, हे मुद्दाम लक्षात ठेवा. सिस्टिम बंद पडली नव्हती. ती व्यवस्थित चालू होती आणि तिनंच ओके दिलं होतं.

लॉर्ड कलन ह्यांच्या चौकशी आयोगानं ऑक्टोबर १९९६ मध्ये अहवाल दिला आणि त्या शेऱ्यावर स्पष्ट ठपका ठेवला. शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्यानं राजीनामा दिला.

पुढे काय झालं? तिथल्या काही पालकांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी सह्यांची मोहीम काढली. मार्चमध्ये त्या भागात स्नोड्रॉपची फुलं असतात, म्हणून नाव 'स्नोड्रॉप'. सात लाखांहून अधिक सह्या झाल्या. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण असो) कलननी सरसकट बंदी सुचवलीच नव्हती. त्यांच्या सूचना बंदुका कशा ठेवाव्यात, परवाने कसे द्यावेत ह्याबद्दल होत्या. सरकार त्याच्या पुढे गेलं. १९९७ मध्ये जॉन मेजर ह्यांच्या सरकारनं मोठ्या बोअरच्या हँडगन्सवर बंदी आणली आणि निवडणुकीनंतर त्याच वर्षी टोनी ब्लेअर ह्यांच्या सरकारनं उरलेल्याही बंद केल्या (उत्तर आयर्लंड वगळून). एक लाख साठ हजारांहून जास्त हँडगन्स लोकांनी जमा केल्या. डनब्लेननंतर ब्रिटनमधल्या कुठल्याही शाळेत गोळीबाराचं असं हत्याकांड झालेलं नाही.

दुसरा कागद : कोलोरॅडो, १९९८

२० एप्रिल १९९९. अमेरिकेतलं कोलंबाईन हायस्कूल. दोन विद्यार्थ्यांनी १२ मुलं आणि एका शिक्षकाला मारलं आणि मग आत्महत्या केली. त्या दिवशी जखमी झालेली एक मुलगी पुढे २५ वर्षं व्हीलचेअरवर होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती गेली आणि तिचा मृत्यूही त्या गोळ्यांमुळेच झाला अशी अधिकृत नोंद झाली. म्हणजे आकडा आता १४ आहे.

कोलंबाईनबद्दल दोन गोष्टी सहसा कुणाला माहीत नसतात. एक, शाळेला नेमून दिलेला सशस्त्र पोलीस होता. त्यानं हल्लेखोरांवर गोळ्याही झाडल्या, त्या लागल्या नाहीत. दोन, कॅफेटेरियात कॅमेरा होता. हल्लेखोरांचं चित्रण त्यात आलं आणि ते जगभर दाखवलं गेलं. म्हणजे गार्ड होता, कॅमेरा होता. आपली नेहमीची चेकलिस्ट पूर्ण होती!

आणि कागदही होता. हल्लेखोरांपैकी एकजण स्वतःच्या वेबसाइटवर बॉम्ब बनवल्याचं आणि माणसं मारायचं लिहीत असे. एका सहविद्यार्थ्याच्या आई-वडिलांनी त्या पानांच्या प्रिंट काढून शेरीफच्या ऑफिसात तक्रार केली. १९९८ च्या वसंतात एका तपास अधिकाऱ्यानं घराची झडती घेण्यासाठी न्यायाधीशांपुढे ठेवायचं प्रतिज्ञापत्र तयार केलं. वेबसाइटवरच्या वर्णनाशी जुळणारा एक पाइपबॉम्ब त्याच भागात सापडला होता, हेही त्यात होतं. ते प्रतिज्ञापत्र न्यायाधीशांपर्यंत कधी पोचलंच नाही.

हत्याकांडानंतर काही दिवसांतच त्या काउंटीतल्या अधिकाऱ्यांनी गुपचूप एक बैठक घेतली आणि ह्या कागदाबद्दल बाहेर बोलायचं नाही असं ठरलं. तो लोकांपुढे आला २००१ मध्ये, कोर्टाच्या आदेशानं. २००४ मध्ये ग्रँड ज्युरीनं चौकशी केली, पण खटला कुणावरच झाला नाही.

अमेरिकेनं ह्यातून काय धडा घेतला? एक धडा पोलिसांच्या डावपेचांचा. त्या दिवशी पोलीस बाहेर वेढा घालून थांबले. पहिली स्वॉट तुकडी आत जायला पाऊण तास लागला आणि गोळी लागलेले शिक्षक डेव्ह सँडर्स मदतीची वाट बघत काही तासांनी गेले. म्हणून प्रशिक्षण बदललं : गोळीबार चालू असेल तर थांबायचं नाही, पहिल्यांदा पोचेल त्यानं सरळ आत जायचं. नियम लिहिला गेला, पण २४ मे २०२२ ला टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत एकूण ३७६ पोलीस जमले आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि दोन शिक्षक गेले.

दुसरा धडा 'झीरो टॉलरन्स'चा. शाळेत बंदूक आणली तर वर्षभर बाहेर, हा केंद्राचा कायदा १९९४ सालचाच. कोलंबाईननंतर ही कडक शिस्त भांडणं, धमक्या, साधा आचरटपणा सगळ्यांनाच लागू होत गेली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या गटानं २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं, की ह्यानं शाळा जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा सापडत नाही.

मग नेमकं काय सापडतं?

राष्ट्राध्यक्षांना जपणारी अमेरिकेची सिक्रेट सर्व्हिस आणि तिथलं शिक्षण खातं ह्यांनी मिळून एक अभ्यास केला. १९७४ ते २००० मधल्या ३७ घटना, ४१ हल्लेखोर. अहवाल आला २००२ मध्ये. त्यातले आकडे मला आजही हलवून टाकतात.

हल्लेखोर मुलाचं ठराविक 'प्रोफाइल' नसतं. हुशार, ढ, एकलकोंडा, मित्रांत रमणारा, कुणीही असू शकतो. पण ८१ टक्के घटनांत निदान एका माणसाला आधीच काहीतरी कळलेलं होतं. आणि हा 'एकजण' जवळजवळ नेहमी मित्र, वर्गमित्र किंवा भावंड होता. दोन तृतीयांशांहून जास्त घटनांत बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातून आलेली होती.

म्हणजे माहिती होती. ती मुलांकडे होती, आणि मुलांनी ती मोठ्यांपर्यंत आणली नाही. का आणतील? सांगितलं तर चुगलखोर ठरणार, आणि झीरो टॉलरन्सच्या राज्यात मित्राचं वर्ष जाणार. शिक्षा जितकी आंधळी, तितकं सांगणं महाग. कोलोरॅडोनं पुढे २००४ मध्ये नाव न सांगता कळवता येईल अशी 'सेफ-टू-टेल' नावाची लाइन सुरू केली. कोलंबाईनमधून निघालेला मला सगळ्यात शहाणा वाटणारा उपाय हाच.

पण नुसती लाइन असून भागत नाही, पलीकडे कुणी उचललं पाहिजे. ५ जानेवारी २०१८ ला एफबीआयच्या टिप लाइनवर फोन आला. फ्लोरिडातल्या एका तरुणाचं नाव, त्याच्याकडच्या बंदुका, तो शाळेत गोळीबार करेल ही भीती, सगळं नीट सांगितलं गेलं. टिप मायामीच्या ऑफिसला पाठवलीच गेली नाही. १४ फेब्रुवारीला पार्कलँडच्या शाळेत १७ जण गेले. दोन दिवसांनी एफबीआयनं हे स्वतःच जाहीर केलं. पुढे अमेरिकी सरकारनं त्या कुटुंबांशी सुमारे पावणेतेरा कोटी डॉलरची तडजोड केली.

ब्रिटनही ह्यातून सुटलेला नाही. २००२ मध्ये सोहॅम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून करणारा इयन हंटली हा एका शाळेचा केअरटेकर होता. त्याच्यावर आधी अनेक आरोप झाले होते, पण दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे त्या नोंदी नीट राहिल्याच नव्हत्या, आणि नोकरीआधीची तपासणी झाली ती त्याच्या दुसऱ्या आडनावानं. डेटाबेसवाल्यांनो, वाचताय ना? बिचर्ड चौकशीचा अहवाल २००४ ला आला आणि त्यावरून मुलांमध्ये काम करणाऱ्यांच्या तपासणीचा २००६ चा कायदा झाला. तरीही जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला डान्स क्लासमध्ये तीन मुलींना चाकूनं मारणाऱ्या मुलाचं नाव दहशतवाद रोखण्यासाठीच्या सरकारी 'प्रिव्हेंट' योजनेकडे आधी तीनदा गेलं होतं. हँडगन्स गेल्यामुळे किती माणसं मरू शकतात हे नक्की बदललं. कागद अडकायची सवय मात्र तशीच राहिली.

आणि आपल्याकडे?

आपल्या शाळांत गोळीबाराचा प्रश्न क्वचितच येतो. आपला प्रश्न वेगळा आहे, पण कागदाचा भाग तोच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणं हाच कलम २१ खाली गुन्हा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांची बातमी आली, लोक रेल्वे रुळांवर उतरले. शाळेच्या व्यवस्थापनावर जो गुन्हा नोंदला गेला तो ह्याचसाठी, कळूनही कळवलं नाही म्हणून. त्याच महिन्यात राज्य सरकारनं शाळांना सीसीटीव्हीची सक्ती केली. कॅमेरे असायलाच हवेत, वाद नाही. पण कॅमेरा झालेलं दाखवतो. त्या मुलीनं घरी येऊन सांगितलं आणि पुढे ते ऐकायला मोठ्यांनी किती वेळ लावला, हे कुठल्याही फुटेजमध्ये येत नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आता शाळेत जाऊ लागलीत, कुणाची पुण्यात, कुणाची न्यू जर्सीत. शाळा निवडताना आपण एसी बस, जीपीएस, कॅमेऱ्याचं ॲप सगळं विचारतो. त्यात तीन प्रश्न वाढवा असं सुचवतो. मुलाला काही सांगायचं असेल तर त्यानं नक्की कुणाला सांगायचं, आणि त्या माणसाचं नाव मुलाला माहीत आहे का? सांगितलेलं कुठे लिहून ठेवतात? आणि मुख्याध्यापकांनी 'कारवाई नको' असा शेरा मारला, तर त्यांच्यावर तो कागद कोण बघतं?

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक शाळा अडखळतील. अडखळू देत. डनब्लेनमध्ये तो प्रश्न १९९१ ला कुणी विचारला नव्हता.

असो. फार गंभीर झालं. पुढच्या वीकेंडला काहीतरी हलकं लिहीन, नक्की.