मनाच्या गडाचा पहारा

ज्युबिलीच्या स्मरणिकेत देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, कोणत्या फादरांच्या कारकिर्दीत काय घडले, याची नोंद व्हावी हे योग्यच होय. आम्ही येथे वाचकांचे लक्ष एका निराळ्या इतिहासाकडे वेधू इच्छितो. तो देवळाच्या दफ्तरात सापडत नाही. मनात येणाऱ्या विचारांशी ख्रिस्ती माणसाने शतकानुशतके कसा व्यवहार केला, कोणाला घरात घेतले आणि कोणाला उंबऱ्यावरूनच परत धाडले, असा हा इतिहास आहे.

मिस्सेच्या आरंभी आपण छातीवर हात मारून अपराध कबूल करतो. त्या प्रार्थनेत विचाराचे नाव सर्वांत आधी येते. मागून शब्द, मागून कृती. कर्तव्याच्या उपेक्षेची भर 1970 च्या मिस्साग्रंथाने घातली, परंतु विचाराचे पहिले स्थान जुन्या लॅटिन पाठापासून अढळ आहे. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू माणसाला विटाळवणाऱ्या गोष्टी मोजून दाखवितो, तेथेही आरंभ अंतःकरणातून निघणाऱ्या दुष्ट विचारांपासूनच होतो. मात्र या शिकवणीचा अर्धाच भाग कानी पडल्यामुळे कित्येक भाविकांचे फार हाल होतात. मिस्सा चालू असता मनात एखादी घाणेरडी कल्पना येते, शेजाऱ्याविषयी द्वेष उसळतो, किंवा देवाविषयीच काही अभद्र मनात येऊन जाते. आणि तो बिचारा ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जागेवरून उठत नाही. विचार आला तेव्हाच आपण पापी ठरलो, असे त्याने मनाशी धरलेले असते. कोणी महिनोन्‌महिने असे मागे राहतात आणि पुढे देवळात येण्याचेच सोडतात. ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचे ख्रिस्तसभा फार प्राचीन काळापासून सांगत आली आहे.

चौथ्या शतकात मिसर देशाच्या अरण्यात जे तपस्वी राहिले, त्यांनी या विषयाचा जणू मुळापासून अभ्यास केला. त्यांपैकी इवाग्रिअस हा कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान डिकन. राजधानीचा मोह सोडून तो अरण्यात गेला व 399 साली तेथेच निवर्तला. माणसास सतावणारे विचार त्याने आठ प्रकारांत मांडले: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व. पुढे योहान कासिआन याने ही विद्या पश्चिमेस नेली, आणि 590 ते 604 या काळात पोपपदी असलेल्या थोर ग्रेगरींनी तिला जे रूप दिले त्यातून आपल्या धर्मशिक्षणातील सात प्रमुख पापांची यादी निघाली. इवाग्रिअसने केलेले कंटाळ्याचे वर्णन तर वैशाखात मुरबाडच्या माळावर दुपार काढलेल्या कोणासही पटेल. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, माणूस पुनःपुन्हा दाराबाहेर डोकावतो, आणि हे ठिकाण व हे काम सोडून अन्यत्र गेल्यास आपले कल्याण होईल असे त्याला वाटू लागते.

विचारांनी आपल्याला गाठावे की नाही हे आपल्या हाती नाही, त्यांनी मुक्काम करावा की नाही हे मात्र आपल्या हाती आहे, असा इवाग्रिअसचा निर्वाळा होता. त्याच अरण्यातील आबा पोयमेन यांच्याकडे एक बंधू आला व विचारांनी मी बुडत चाललो आहे असे म्हणाला. आबांनी त्याला मोकळ्यावर नेऊन छातीत वारा धरून ठेवावयास सांगितले. ते त्याला जमले नाही. वारा अडविता येत नाही तसे विचारांचे येणेही अडविता येत नाही, त्यांना विरोध करणे एवढेच तुझे काम, असे त्यांनी त्याला समजावले. दुसऱ्या एका प्रसंगी त्यांनी पेटीत कोंडून ठेवलेल्या कपड्यांचा दाखला दिला: त्यांना कोणी हात लावला नाही तर ते काळांतराने कुजून जातात, तसेच वाईट विचार अंमलात आणले नाहीत तर त्यांचेही होते. श्रावणात पेटीतल्या कपड्यांची काय गत होते हे आमच्या मुलखात बायकांना विचारावे. हा दाखला त्यांना आमच्याहून चांगला कळेल.

याच धाग्यावर संत ऑगस्टिन व संत ग्रेगरी यांनी पापाच्या तीन पायऱ्या दाखविल्या: सूचना, तिच्यात वाटणारी गोडी, आणि संमती. पाप पूर्णत्वास जाते ते संमतीच्या पायरीवर. 1992 साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही हेच सांगतो. प्राणघातक पाप घडण्यास बाब गंभीर असावी लागते, तिचे पूर्ण ज्ञान असावे लागते, आणि जाणूनबुजून दिलेली संमती लागते. मिस्सेत न बोलावता येऊन गेलेल्या कल्पनेला यातली तिसरी अट लागू पडत नाही, हे उघड आहे.

परंतु या विषयात आम्हांस सर्वांत उपयोगी पडलेला गुरू अरण्यातला नव्हे, तर रणांगणातला आहे. 20 मे 1521 रोजी स्पेनमधील पाम्प्लोना येथील किल्ल्याचा बचाव करताना तोफेचा गोळा लागून इग्नेशिअस लोयोला यांचा पाय मोडला. घरी अंथरुणाला खिळून असता त्यांनी शिपाईगिरीच्या अद्भुत कथा वाचावयास मागितल्या. घरात होते ते केवळ ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. मग वेळ घालविण्यास ते कधी एका थोर स्त्रीच्या सेवेची स्वप्ने रंगवीत, त्यात तीन-तीन, चार-चार तास जात. तर कधी फ्रान्सिस व डोमिनिक यांनी केले ते आपण का करू नये असा विचार करीत. दोन्ही विचार गोड वाटत. फरक मागाहून पडे. पहिला संपला की मन कोरडे व असमाधानी राही. दुसरा संपल्यावरही आनंद टिकून असे. एके दिवशी हा फरक त्यांच्या ध्यानात आला, आणि विचाराची पारख तो येताना करू नये, तो गेल्यावर मागे काय उरते ते पाहावे, ही गोष्ट त्यांना उमगली. आमच्या मते येशूसंघाची खरी स्थापना त्या आजाऱ्याच्या खोलीत झाली; 1540 ची पोपमहोदयांची मान्यता मागाहूनची.

पुढचे वर्ष त्यांना फार कठीण गेले. मान्रेसा येथे 1522 साली, आपले पूर्वीचे एखादे पाप सांगावयाचे राहिले असेल, या शंकेने त्यांना घेरले. पुनःपुन्हा पापनिवेदन करूनही शांती मिळेना. जिवाचे बरेवाईट करावे इथपर्यंत मन गेले, आणि देवाने सुटका करावी म्हणून आठवडाभर त्यांनी अन्न सोडले. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या आज्ञेने ते जेवले. पापाची भीती हा वरकरणी धार्मिक विचार. पण तो आपल्याला कोठे नेतो आहे हे पाहिल्यावर त्यांनी जुनी पापे पुन्हा न उगाळण्याचा निश्चय केला. एवढ्या मोठ्या संताची ही अवस्था झाली होती हे आमच्यातल्या शंकाकुल भाविकांनी अवश्य लक्षात ठेवावे.

या अनुभवातून सिद्ध झालेला ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ 1548 साली तिसऱ्या पॉल या पोपमहोदयांनी मान्य केला. त्यात एक नियम असा आहे की, वाईट विचार येताच तो झटकला तर पुण्य आहेच. परंतु तो झटकल्यावर पुनःपुन्हा येत राहिला व प्रत्येक वेळी झटकला गेला तर पुण्य अधिक आहे. ज्याला परत परत येणारा विचार आपल्या अधोगतीचा पुरावा वाटतो, त्याच्या हाती हा नियम कोणी द्यावयास नको काय?

ही विद्या आमच्या मराठी भूमीत लौकरच आली. पॅरिसमध्ये 1534 साली इग्नेशिअसच्या हाताखाली साधना केलेले फ्रान्सिस झेविअर 1542 मध्ये गोव्यास उतरले, आणि वसईसही त्यांचे पाय लागले. त्याच संघाचे इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले, तेव्हा समर्थ रामदास आठ वर्षांचे होते. पुढे समर्थांनी 205 श्लोकांत मनालाच उद्देशून उपदेश केला. याचा अर्थ, मनाला समजावणे, दटावणे, देवाकडे वळविणे ही गोष्ट मराठी कानाला कधीच परकी नव्हती. ख्रिस्ती परंपरेने त्यात एक भर घातली असे आम्हांस वाटते, ती म्हणजे विचार दुसऱ्यासमोर उघडा करण्याची. चोरून प्रेम करणाऱ्या लबाडाला जशी आपली गोष्ट बाहेर फुटू नये असे वाटते, तसेच सैतानाला वाटते, असे इग्नेशिअस म्हणतात. धर्मगुरूंना सांगितलेल्या विचाराचे अर्धे बळ तेथेच जाते.

त्यांचा आणखी एक दाखला गडाचा आहे. शत्रूचा सेनापती गडाभोवती फिरून जेथे तट दुबळा असेल तेथेच हल्ला चढवितो, तद्वत् आपला वैरी आपल्या दुबळ्या जागी येतो. हा दाखला शहापूरकरांस फोड करून सांगावयास नको, कारण माहुली डोळ्यांसमोर उभा आहे. 1636 मध्ये शहाजीराजांना तो सोडावा लागला. 1665 च्या पुरंदरच्या तहाने तो मोगलांकडे गेला. 1670 च्या फेब्रुवारीत शिवाजीमहाराजांनी त्यावर चढाई केली, तेव्हा मनोहरदास गौड हा किल्लेदार सावध होता, आणि मराठ्यांना हानी सोसून माघार घ्यावी लागली. पुढे कुमकेची आशा नाही असे पाहून मनोहरदासाने किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी दुसरा आला, आणि जून महिन्यात मोरोपंतांनी गड घेतला. गड तोच, तट तोच, सुळके तेच. चार महिन्यांत बदलला तो पहारेकरी. (आमचा कैवार महाराजांचाच, हे सांगणे नलगे, शत्रूकडील जागरूकतेचेही कौतुक करावे एवढेच.)

मनोहरदासाची एक बाजू मात्र पहाऱ्याच्या भक्तांनी विसरू नये. जागरूक असूनही तो एकटा टिकला नाही. केवळ स्वतःच्या निग्रहावर विचारांशी लढणारा माणूस असाच थकतो. त्याची कुमक म्हणजे प्रार्थना, पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद. म्हणूनच विचारांना भिऊन ख्रिस्तप्रसादापासून दूर राहणे म्हणजे आपली कुमक आपणच परत धाडणे होय. येथे आणखी एक सांगणे अवश्य आहे. नकोसे विचार इच्छेविरुद्ध अहोरात्र छळू लागले, हात धुणे वा प्रार्थना पुनःपुन्हा करावी लागू लागली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार असू शकतो, व त्यास मानसोपचारतज्ज्ञांचे औषध आहे. फादरांकडे जाणे आणि डॉक्टरांकडे जाणे यांत विरोध नाही. दुखणाऱ्या दाताकरिता कोणी केवळ नोव्हेना करीत बसत नाही.

राहता राहिला रोजचा परिपाठ. आसनगाव वा आटगावहून पहाटेची लोकल गाठणाऱ्यास, किंवा चिखलात लावणीला उभी असणाऱ्या बाईस दीर्घ ध्यानाची सवड कोठून मिळावी? आता तर रिकामा झालेला प्रत्येक क्षण हातातला मोबाईल भरून टाकतो, आणि त्यातून येणारे विचार कोणाचे हे पाहण्यासही उसंत राहत नाही. इग्नेशिअसने सांगितलेली विशेष तपासणी अशांच्याच सोयीची आहे. सकाळी उठताच एकच दोष मनाशी धरावयाचा, उदाहरणार्थ, राग. दिवसात तो उसळला व आपण त्याच्या मागे गेलो की हळूच छातीवर हात ठेवावयाचा. शेजाऱ्यास कळतही नाही. दुपारच्या जेवणानंतर एकदा व रात्रीच्या जेवणानंतर एकदा तास-तास आठवून, जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके वहीत ओढलेल्या रेघेवर द्यावयाचे. दिवसाला दोन रेघा. मग दुपारचे ठिपके रात्रीच्यांशी, आजचे कालच्यांशी, आणि या आठवड्याचे मागल्या आठवड्याच्यांशी ताडून पाहावयाचे. एक दमडीची वही यास पुरते. ग्रंथाच्या जुन्या प्रतींत या रेघांची आकृती दिलेली असते: आठवड्याच्या पहिल्या दिवसाचे अक्षर मोठे, आणि पुढच्या दिवसांची त्याहून लहान.