खिशात मावणारा कॉम्प्युटर: त्यावर नीट टाइप का करता येत नाही?

गेल्या मे महिन्यात मी गावी गेलो होतो. आजी जुन्या गोष्टी सांगत होती आणि मला त्या तिच्याच शब्दांत लिहून घ्यायच्या होत्या. मोबाईलवर सुरुवात केली. अर्धी स्क्रीन कीबोर्डनेच खाल्ली आणि माझी नजर सतत काचेवर. थोड्या वेळाने आजी म्हणाली, "तू ऐकतोयस की फोन बघतोयस?" तेव्हापासून मी खिशात मावणारा, पण न बघता टाइप करता येईल असा कॉम्प्युटर शोधतोय. त्यात जे समजलं ते आज सांगतो.

मुख्य अडचण काय?

चिप लहान करता येते, बोटं नाही! नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत सुमारे 19 मिलिमीटर अंतर असतं. याला 'पिच' म्हणतात. क्यू ते पी ही दहा बटणं धरली तरी 190 मिलिमीटर झाले. एवढं खिशात कसं मावणार? उलट फोन उभा धरला तर रुंदी साधारण 75 मिलिमीटर, म्हणजे एका बटणाला जेमतेम 7 मिलिमीटर. तिथे फक्त अंगठे चालतात. म्हणून डिझाइन करताना पहिला प्रश्न प्रोसेसरचा नसतो. वापरणारा दोन अंगठ्यांनी टाइप करणार की दहा बोटांनी, हे आधी ठरवावं लागतं.

सायन सिरीज 5 ची युक्ती

1997 मध्ये ब्रिटनच्या सायन कंपनीने सिरीज 5 हे यंत्र आणलं. लांबी सुमारे 170 मिलिमीटर, वजन बॅटरीसह 354 ग्रॅम आणि चालायचं दोन पेन्सिल सेलवर. चष्म्याच्या डबीसारखं उघडायचं. पण त्यात टच स्क्रीन होती आणि अशा यंत्रात स्क्रीनवर बोट दाबलं की अख्खं यंत्र मागे कलंडू शकतं. डिझायनर मार्टिन रिडिफर्ड यांनी त्यावर सुंदर उपाय काढला. झाकण उघडलं की कीबोर्ड आपोआप पुढे सरकतो. त्यामुळे पाया लांब होतो, यंत्र कलंडत नाही आणि कीबोर्डला जास्त जागा मिळते. 2018 मध्ये आलेल्या जेमिनी पीडीए या अँड्रॉइड यंत्रासाठीही रिडिफर्ड यांनीच काम केलं.

आणि स्क्रीनचं काय?

झाकणाचा आकार कीबोर्डवरून ठरतो, म्हणून स्क्रीनही आडवी आणि बुटकी होते. सिरीज 5 ची स्क्रीन 640 × 240 पिक्सेलची होती. 1989 च्या अटारी पोर्टफोलिओवर 40 अक्षरांच्या फक्त 8 ओळी दिसायच्या. 1994 च्या एचपी 200एलएक्सवर 80 अक्षरांच्या 25 ओळी मावायच्या, पण अक्षरं बारीक. म्हणजे पिक्सेल वाढवले तरी डोळ्यांचा प्रश्न उरतोच. देवनागरीत तर वर वेलांटी, खाली उकार. ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते आणि बुटक्या स्क्रीनवर आपल्या ओळी आणखी कमी दिसतात.

मराठीची खरी अडचण

हे मला स्वतः पैसे घालवून कळलं. मी विंडोज टॅबलेटसाठी एक छोटा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला. इंग्रजी झकास टाइप व्हायचं, मराठीत गाडी अडायची. कारण साधं आहे. इनस्क्रिप्ट लेआउटमध्ये आपली अक्षरं इंग्रजीच्या 26 बटणांत संपत नाहीत. च अर्धविरामाच्या बटणावर, ट अवतरणचिन्हाच्या, ड चौकटी कंसाच्या आणि य तिरक्या रेघेच्या बटणावर असतो. कीबोर्ड लहान करायचा असला की डिझायनर नेमकी अशीच बटणं काढून एफएन बटणाखाली लपवतात. इंग्रजीवाल्याचं फार बिघडत नाही. आपल्याला मात्र साधं 'चटणी' लिहायला दोनदा एफएन दाबावं लागतं. छ आणि ठ ला तर एफएन आणि शिफ्ट दोन्ही! तीन दिवसांत तो कीबोर्ड कपाटात गेला.

घेण्याआधी काय बघाल?

1. एल च्या उजवीकडे दोन, पी च्या उजवीकडे निदान एक आणि एम च्या उजवीकडे तीन बटणं स्वतंत्र आहेत का? फोटोत मोजा.
2. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना न अडता बसतात का? कागदावर पट्टीने खरं माप आखून बोटं ठेवून बघा.
3. उघडलेलं यंत्र मांडीवर ठेवून स्क्रीन दाबली तर कलंडतं का?
4. मराठी मजकूर उघडा. हातभर अंतरावरून मात्रा, उकार स्पष्ट दिसतात का आणि किती ओळी मावतात?

माझं मत विचाराल तर पूर्ण बटणं असलेला, थोडा मोठा घडीचा कीबोर्ड घ्या. तो शर्टाच्या खिशात नाही मावणार, पण पिशवीत मावेल. मी आता तसाच घेतलाय. दिवाळीला गावी गेलो की आजीकडे बघत बघत टाइप करणार आहे.