घर आणि आरोग्य : सातारा-सांगलीचा सव्वाशे वर्षांचा धडा

दर पावसाळ्यात जुलाब, हिवाळाभर न हटणारा खोकला, खाऊनपिऊनही न वाढणारे मुलाचे वजन. अशा तक्रारींवर डॉक्टर औषध देतात आणि रुग्णाला बरेही वाटते. पण रुग्ण परत जातो तो त्याच घरात. तिथे ओल, धूर किंवा संडासाची गैरसोय तशीच असेल तर आजार पुन्हा येतो. घर आणि आजार यांचे हे नाते आपल्या सातारा-सांगली भागाने अनेकदा अनुभवले आहे. त्याचा इतिहास आज उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

प्लेग : घर सोडणे हाच उपाय

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो रेल्वे व बाजारपेठांच्या वाटेने आपल्याकडेही पसरला. तेव्हा आजच्यासारखे दोन जिल्हे नव्हते. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची वेगवेगळी संस्थाने होती. कारभार तीन ठिकाणी, पण उंदरांना आणि पिसवांना हद्द कुठली माहीत असणार?

प्लेगचे जंतू उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून माणसापर्यंत येतात. मातीच्या भिंती, अंधारे कोपरे आणि घरातच साठवलेले धान्य म्हणजे उंदरांना राहायला उत्तम जागा. प्रतिजैविके अजून निघालीच नव्हती. हाफकिन यांची लस १८९७ मध्ये आली, पण लोकांना तिची भीती वाटे. म्हणून उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. गैरसोय होई, पण माणसे वाचत. साथ ओसरल्यावर मात्र सगळे त्याच घरांत परतत आणि पुढच्या वर्षी साथही परत येई. तात्पुरते घर बदलून जीव वाचला, पण कायमचे घर बदलण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

क्षयरोग : हवा आणि उजेड

सर विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी मिरजेत रुग्णालय उभे केले आणि १८९४ पासून दूरदूरचे रुग्ण तिथे येऊ लागले. पुढे १९२० मध्ये सांगली आणि मिरज यांच्या मधल्या मोकळ्या जागेत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. त्या वस्तीला आपण आजही वानलेसवाडी म्हणतो. साताऱ्याच्या बाजूला पाचगणीतही डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले होते. क्षयावर पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ नंतर मिळाले. तोपर्यंत मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढेच डॉक्टरांच्या हाती होते.

आज औषधाने क्षय बरा होतो. पण तो पसरतो हवेतूनच. कोंदट खोलीत सहा-सात माणसे झोपत असतील तर एका खोकणाऱ्या रुग्णामुळे बाकीच्यांना धोका जास्त. म्हणूनच घराला समोरासमोर खिडक्या असणे हे आरोग्याचे काम आहे.

भूकंप आणि नवी व्यवस्था

१९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यानंतर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्रेचा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातला, आणि राजकीय घर कऱ्हाडला. प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, पाणी, रस्ता ही कामे एका निवडून आलेल्या संस्थेकडे आली.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तीव्रता सुमारे ६.५ होती आणि पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, त्यामुळे हानी वाढली. घर कसे बांधले आहे, हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे पाटण तालुक्याने त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन शिकवले.

गाडगेबाबांचे नाव आणि गावाचा झाडू

पुढचा टप्पा २०००-०१ चा. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. त्यांच्या काळात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्याआधी अनुदानावर संडास बांधले गेले होते, पण बऱ्याच ठिकाणी त्यांत सरपण आणि गोवऱ्या ठेवल्या जात. अभियानाने पद्धत बदलली. आधी पैसा देण्याऐवजी स्पर्धा लावली. गावाने स्वतः स्वच्छ व्हायचे, मग तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी तपासणी व्हायची. कोरेगाव तालुक्यातील धामणेर, खटावमधील निढळ, माणमधील लोधवडे अशी गावे पुढे आदर्श गाव म्हणून राज्यभर ओळखली गेली.

वैद्यकीय दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी : दहापैकी आठ घरांनी संडास वापरला आणि दोघे उघड्यावर गेले तरी माशा आणि पावसाचे पाणी ती घाण सगळ्यांच्या पाण्यापर्यंत नेतात. जुलाब, कावीळ आणि जंत रोखायचे तर सगळे गाव लागते. म्हणून ही कामगिरी एकट्या घराची किंवा एकट्या आरोग्य खात्याची नव्हती. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, शाळा आणि महिला बचत गट एकाच वेळी एकाच कामाला लागले म्हणून ती झाली.

सांगलीच्या वस्त्या

शहरात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ मध्ये झाली. वस्त्यांमध्ये पाण्याचा नळ एका खात्याकडे, गटार दुसऱ्याकडे, जागेची मालकी तिसऱ्याकडे. पुण्याच्या ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने महापालिकेबरोबर काम करताना आधी घरोघरी पाहणी करून वस्त्यांचे नकाशे तयार केले. कोणत्या घरात संडास नाही आणि गटाराची वाहिनी कुठपर्यंत आली आहे, हे एकाच कागदावर दिसू लागले. संडासाच्या कामात संस्थेने साहित्य द्यायचे, बांधकाम कुटुंबाने करायचे आणि गटार महापालिकेने, अशी वाटणी झाली.

घरांसाठी २००५ मध्ये केंद्राचा एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम आला. त्यात किमान २५ चौरस मीटरचे घर होते आणि खर्चातला १० ते १२ टक्के वाटा कुटुंबाचा. सांगली-मिरजेत तो राबवताना एकेका वस्तीपुरते न पाहता शहरभरच्या वस्त्यांचा एकत्र विचार केला गेला.

कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी यात एक भर घातली. पूररेषेतले घर स्वस्त मिळते, पण पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस, त्वचारोग आणि बुडालेली मजुरी यांची किंमत धरली तर ते फार महाग पडते.

आज आपण काय करू शकतो?

ग्रामीण घरकुल योजनेची २०१६ ची रचना पाहा. सपाट भागात घराला १ लाख २० हजार रुपये, शौचालयाला स्वच्छ भारतमधून १२ हजार, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. पैसा तीन खात्यांचा, घर एक. एकाही खात्याचा कागद अडला की घर अर्धवट राहते आणि अर्धवट घर म्हणजे ओल, डास आणि उघड्यावर जाणे. म्हणून :

• ग्रामसभेत घरकुल, शौचालय आणि नळ या तिन्हींची यादी एकत्र वाचून दाखवायला सांगा.
• घर बांधताना समोरासमोर खिडक्या आणि चुलीच्या धुराला वाट ठेवा. शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट लांब घ्या.
• घरात क्षयरोगी, दमेकरी किंवा वारंवार जुलाब होणारे मूल असेल तर आशाताईंना घराची स्थितीही सांगा. ती आरोग्य केंद्रापर्यंत आणि तिथून ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली पाहिजे.
• शहरात असाल तर वॉर्डाच्या नगरसेवकाकडे आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे एकच अर्ज, सगळ्या शेजाऱ्यांच्या सह्यांनी द्या.

प्लेगच्या काळात लोक माळावर गेले ते नाइलाजाने, कारण घर सुधारून देणारी व्यवस्थाच नव्हती. आज ग्रामपंचायत आहे, जिल्हा परिषद आहे, महापालिका आहे. त्यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम मात्र मतदार म्हणून आपल्यालाच करावे लागते. पुढच्या ग्रामसभेला जरूर जा.