वेताळाचे न वाढणारे वय आणि बदलता देश

दीर्घकाळ चालणाऱ्या चित्रकथामालिकेत नायकाचे वय, स्थळ आणि पूर्वेतिहास यांचा मेळ राखणे अवघड असते. 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठी घरांत पोहोचलेला वेताळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. ली फॉक यांचा हा नायक १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांत 'फँटम' या नावाने अवतरला. कथेनुसार १५३६ पासून पित्याचा मुखवटा पुत्र धारण करतो. त्यामुळे लोक त्याला अमर मानतात. या युक्तीने अमरत्वाचे कोडे सुटले, वयाचे नाही. एकविसावा वेताळ १९३६ पासून तरुणच राहिला. त्याचा डायनाशी विवाह झाला तो १९७७ मध्ये, तर जुळी मुले १९७९ मध्ये जन्मली.

देशही स्थिर राहिला नाही. प्रारंभी आशियात असलेले त्याचे अरण्य पुढे आफ्रिकेत गेले. टाइम्स समूहाने मार्च १९६४ पासून मुंबईहून 'इंद्रजाल' काढताना बंगालशी साधर्म्य असलेले देशाचे नाव 'डेंकाली' केले; 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. जुन्या-नव्या कथाही सरमिसळ छापल्या गेल्या.

डीसी कंपनीने अशी विसंगती निस्तरण्यासाठी १९८५-८६ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही १२ अंकांची मालिका काढून आपल्या नायकांचा इतिहास नव्याने मांडला. 'इंद्रजाल' १९९० मध्ये बंद पडले. त्याचे जुने अंक मूळ कथांशी ताडून पाहताना आढळणारी नावांची तफावत मुद्रणदोष नसून संपादकीय निर्णय आहे, हे संग्राहकांनी ध्यानात ठेवावे.